माझ्याकडे तर बरोबर चालतंय

माझ्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. काहीही बिघडलंय म्हणून त्याला सांगा, तो आधी आपल्या कॉम्प्युटरवर बघतो आणि म्हणतो, "माझ्याकडे तर बरोबर चालतंय." एवढं बोलला की त्याच्या दृष्टीने विषय संपला. उद्या कारखान्याला आग लागली म्हणून फोन केला तरी हा आपल्या घरातल्या भिंतीला हात लावून सांगेल, माझ्याकडे तर गार आहे. मुलगा माझा आहे म्हणून मी बोलते. दुसऱ्या कोणी त्याला एक शब्द बोललेला मला खपायचा नाही.

आमचा पडद्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. मधोमध कापायचं टेबल, भिंतीकडेला शिलाई मशीनं, दाराजवळ कॉम्प्युटर आणि त्याच्या मागे कापडाचं गोदाम. गोदामाला दार नाही, पडदाच आहे. पडद्याच्या कारखान्यात दाराला पैसे कोण घालतो? हे सगळं मी एका मशीनवर सुरू केलं आणि मी चौथीपर्यंतच शिकले आहे. त्यामुळे शिकलेल्यांचा मला धाक नाही आणि रागही नाही. दोन शिकलेले तर माझ्याच पोटचे आहेत.

थोरला एका मोठ्या कंपनीत प्रोग्राम लिहितो, दुसऱ्या गावी राहतो. धाकटा माझ्याजवळ असतो. शिडी आणि ड्रिल घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणं, खिडक्या मोजणं, दांड्या बसवणं ही कामं त्याची. पूर्वी तो मापं आणायचा आणि मी तोंडी हिशेब करून कापड काढायची. मग थोरल्याने आमच्यासाठी एक प्रोग्राम लिहून दिला. फुकट दिला, हे तो येईल तेव्हा एकदा तरी ऐकवतोच. आता धाकटा तिकडून फोनवर मापं सांगतो आणि धाकटी, म्हणजे त्याची बायको, इथे कॉम्प्युटरवर घालते. कापड किती, चुण्या किती, खालची दुमड केवढी, ते प्रोग्राम ठरवतो आणि छापील चिठ्ठी बाहेर काढतो. आमचे मास्तर त्या चिठ्ठीवर बघून कापतात. मास्तरांचा स्वभाव असा की चिठ्ठीत घोड्याचा पडदा असं आलं तरी ते विचारणार नाहीत, घोड्याचं माप पकडून कापतील.

प्रोग्राम चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. कापड वाया जाणं कमी झालं आणि माझं डोकंही शांत झालं. पण मधेच एखादा पडदा चुकायला लागला. रोज नाही. बरेच दिवस सगळं सुरळीत जायचं आणि मग एकदम एक पडदा आखूड. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे खिडकीचा खालचा भाग उघडाच राहिला. एका शाळेच्या हॉलमध्ये उलटं झालं, पडदा इतका लांब की मुलं त्यात पाय अडकून पडली. आणि मग मोठ्या दवाखान्यातल्या खाटांमधले पडदे. त्यातला एक पेशंटच्या गुडघ्यापर्यंतच आला. तिथल्या व्यवस्थापक बाई आवाज न चढवता बोलतात, म्हणून जास्त लागतं. त्या म्हणाल्या, वरचा मजला अजून द्यायचाय, पण आता एक जरी चुकला तर दुसरीकडे देऊ.

प्रत्येक वेळी थोरल्याला फोन. तो म्हणाला, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. केला. म्हणाला, प्रोग्राम काढून परत टाकतो. टाकला. तिकडून बसल्या बसल्या इथल्या स्क्रीनवरचा बाण हलवत त्याने काय काय पुसलं आणि काय काय भरलं. कीबोर्डची बटणं अडकत असतील म्हणाला, नवा कीबोर्ड आणला. प्रिंटरच्या पोटात जुनं काही अडकून राहतं म्हणाला, प्रिंटरही साफ केला. व्हायरस आहे म्हणाला, त्याचीही औषधं घातली. दर वेळी त्याने आपल्याकडे तीच मापं घालून पाहिली, चिठ्ठी बरोबर आली आणि ते ठरलेलं वाक्य आलं. आठवडाभर मग काही व्हायचं नाही, आणि तो समजायचा की त्याचं औषध लागू पडलं.

चमत्कारिक गोष्ट अशी होती की कॉम्प्युटरवर माप बरोबर दिसायचं आणि मास्तरांच्या हातातल्या चिठ्ठीत चुकीचं. दवाखान्याच्या पडद्याचंही तसंच. धाकटीने ते दोन्ही समोर धरून थोरल्याला फोनवर सांगितलं. फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला, मास्तर शेजारी, मशीनवरच्या बायका शेजारी. थोरला म्हणाला, "म्हणजे आधी चुकीचं घातलं गेलं, पडदा कापल्यावर लक्षात आलं आणि मग मागाहून नीट केलं. दुसरं काय असणार? प्रोग्राम स्वतःहून आकडे बदलत नाही."

तिला खोटी म्हणाला नाही. पण म्हणायचं बाकी काय ठेवलं? मशीनं थांबली होती. मास्तरांनी मान खाली घालून उगाच कात्रीला तेल घातलं.

मग त्याने मला वेगळा फोन करून उपाय सांगितला. शिकाऊ नाही, चांगला तयार माणूस तो पाठवणार होता. खुर्चीवर तो बसेल, धाकटी परत दुमडीच्या शिलाईवर. घरातल्या घरात वाईटपणा नको म्हणून हे आईने सांगावं, असंही म्हणाला. वाईटपणा घ्यायला आई बरी असते.

मी धाकटीला सांगितलं, आडपडदा न ठेवता. लग्नाआधी ती एका कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर पत्ते टाइप करायची. आमच्या घरात ती खुर्ची तिला कोणी दिली नव्हती, तिने हाताच्या जोरावर घेतली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, शिलाईवर बसण्यात मला कमीपणा नाही. पण मी गुपचूप आकडे बदलले असं ठरवून मला उठवलं, तर मी या खोलीत पुन्हा पाय ठेवणार नाही. घर चालवीन, तुमचं सगळं करीन. इथे येणार नाही."

ती रडली नाही. रडली असती तर मी समजूत घातली असती. म्हणून मी थोरल्याला फोन करून सांगितलं की तुझा माणूस नको, तूच ये. कंपनीत रजा मिळत नाही म्हणाला. आई आजारी आहे असं सांग, मी म्हटलं, तुझं वाक्य ऐकून मला खरंच पित्त होतं.

आला. बॅगेतून स्वतःचा कॉम्प्युटर काढला, आमचा उघडून आतली धूळ फुंकली, वायरी काढून परत लावल्या. मग धाकटीच्या मागे खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, तू तुझं काम कर, मी नुसता बघतो. अर्धा दिवस बघितलं. एकही चिठ्ठी चुकली नाही. दुपारी डबे उघडले तेव्हा तो माझ्याकडे बघून नुसता हसला. लहानपणी भावंडाची चुगली खरी ठरली की असाच हसायचा.

मी कॉम्प्युटरकडे पाठ करून बसते, दुमडी तपासायला उजेड त्या बाजूला आहे. तिथे काय दिसतं ते मला कळत नाही, पण ऐकू येतं. धाकटी काम करते तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. त्या दिवशी नळ गळत असावा तसा येत होता. एक टक. मग गप्प. मग दुसरी टक. मी वळून पाहिलं तर ती प्रत्येक आकडा घालून पुन्हा वाचत होती, कॉम्प्युटरचा तो उंदीर हलवून बटण शोधत होती, थोरल्या दिराच्या पुढ्यात एखादी चूक होऊ नये म्हणून अंग चोरून बसली होती. मनात म्हटलं, याने हिचं काम बघितलंच कुठे? याने परीक्षा देणारी बाई बघितली.

रात्रीच्या जेवणाआधी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की उद्या तू गोदामात बसायचंस, पडद्याआड, तिला न सांगता.

त्याला ते फारच लाजिरवाणं वाटलं. "आई, माझ्या हाताखाली माणसं आहेत," म्हणाला.

मी म्हटलं, तिथे गठ्ठ्यांवर बसू नकोस, कापड मळेल. स्टूल घे.

तो तयार होईना, तेव्हा मी त्याला पटेल असा सौदा केला. उद्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांची आणि खाटांची मापं येणार होती. दुसरीकडे हलवलेले पेशंट परत आणायच्या आत धाकट्याला सगळं मोजायचं होतं, म्हणजे इथेही धावपळच. त्या गडबडीत दुपारपर्यंत एकही चिठ्ठी चुकली नाही, तर मी स्वतः धाकटीला खुर्चीवरून उठवीन आणि तू म्हणशील त्याला बसवीन. बोलून तर गेले. पण शब्द दिला की दिला.

सकाळी धाकटी चहा करत होती तेवढ्यात तो आत जाऊन बसला. मांडीवर त्याचा कॉम्प्युटर होता. छापली जाणारी प्रत्येक चिठ्ठी आपल्याकडेही उमटेल अशी सोय त्याने करून घेतली होती आणि पडद्याच्या फटीतून धाकटीचा स्क्रीन त्याला सरळ दिसत होता. भाऊजी कुठे गेले म्हणून धाकटीने विचारलं. बाहेर गेलाय म्हटलं. बाहेरच होता, पडद्याच्या पलीकडे.

धाकट्याचा फोन आला आणि काम सुरू झालं. तो तिकडून शिडीवर चढून माप ओरडतोय, कोणी नर्स त्याला लवकर आटपा म्हणतेय, इकडे धाकटीच्या एका कानाला फोन, डोळे दाराकडे, आणि हात मात्र आपले आपण चालले होते. गारा सुरू झाल्या. मास्तर चिठ्ठी उचलत होते, कापत होते. मी कान देऊन बसले होते आणि मला गोदामातून दाबलेली एक शिंक ऐकू आली. नव्या कापडाची पूड नाकात जाते. मी लगेच मोठ्याने खोकले. धाकटीचं लक्षही नव्हतं.

बराच वेळ गेला. मजला निम्म्याच्या वर मोजून झाला होता. चिठ्ठ्या सगळ्या बरोबर येत असाव्यात, कारण आतून आवाज नव्हता. माझ्या हातातली दुमड मी दोनदा उसवली. माझ्याकडून असं होत नाही.

मग पडदा बाजूला झाला आणि थोरला बाहेर आला. केसांवर दोरे. कोणाकडे न बघता सरळ मास्तरांकडे गेला आणि त्यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. ती त्याने स्क्रीनशेजारी धरली. स्क्रीनवर साडेसात फूट, चिठ्ठीत सहा.

"हे सहा कुठून आले?" तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने आधीची चिठ्ठी मागितली. आधीच्या खिडकीचं माप सहा होतं.

धाकटी उठून उभी राहिली होती. तिने गोदामाकडे पाहिलं, स्टूल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याचं मला जे वाटलं ते मी इथे लिहिणार नाही. धाकट्याला तिने फोनवर थांबायला सांगितलं आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही सकाळपासून आत होतात?"

त्याने ऐकलंच नाही. हा गुण मात्र त्याच्यात खरा आहे, काम हाताला लागलं की त्याला तहानभूक राहत नाही. म्हणाला, परत कर, जसं आत्ता केलंस तसंच. तिने केलं. चिठ्ठी बरोबर आली. परत. बरोबर. त्याने पुढे वाकून डोळे बारीक केले आणि म्हणाला, असं नाही, मघाशी वेगळं काहीतरी केलंस.

"मघाशी तुम्ही बघत नव्हतात," ती म्हणाली. "तुम्ही बघताय म्हटलं की माझा हात चालत नाही."

मास्तरांना हसू आलं, त्यांनी ते मिशीत दाबलं. थोरला भिंतीकडे तोंड करून, आपला कॉम्प्युटर छातीशी धरून उभा राहिला. शाळेत गृहपाठ न केलेली मुलं उभी करतात तसा. म्हणाला, आता मी नाही इथे, कर.

गारा पडल्या. पाचसहा चिठ्ठ्या सटासट बाहेर आल्या आणि त्यातली एक चुकली. तो भिंतीकडूनच म्हणाला, "कळलं."

मग त्याने धाकटीला शेजारी बसवून विचारायला सुरुवात केली आणि ती सांगत गेली. बोटं कुठे असतात, छापायचं बटण ती उंदराने दाबते की कीबोर्डवरून, माप घातल्यावर थांबते का. ती थांबत नव्हती. कशाला थांबेल? आकडा घातला की कीबोर्डवरचं छापायचं बटण, की पुढचं माप. आमचा कॉम्प्युटर जुना. आकडा स्क्रीनवर दिसायचा लगेच, पण कापडाचा हिशेब करायला त्याला एक श्वास लागायचा. तेवढ्यात छापायचा हुकूम आला की नवा हिशेब तयार नसल्यामुळे तो आधीच्या खिडकीचाच हिशेब चिठ्ठीवर छापून मोकळा व्हायचा. श्वास संपला की नवा हिशेब जागेवर. मागाहून बघावं तर सगळं बरोबर दिसणार, आणि बाई खोटी ठरणार. थोरल्याच्या घरचा कॉम्प्युटर नवाकोरा, त्याला श्वास लागतच नाही. शिवाय हा उंदराने बटण शोधत शोधत जाणार. तो तिथे वर्षभर बसला असता तरी चिठ्ठी चुकली नसती.

हे त्याने मला दोनदा समजावून सांगितलं. पहिल्यांदाच समजलं होतं, पण त्याला समजावताना बघायला मला आवडतं.

दुरुस्ती त्याने दुपारी केली. हिशेब पुरा होईपर्यंत छापायचं बटण आता दाबलं तरी चालत नाही. शिवाय कोणी आकडा बदलला तर कोणी आणि कधी ते प्रोग्राम आपल्याकडे ठेवतो. हे आधीच ठेवलं असतं तर कोणावर आळ आला नसता, असं धाकटी म्हणाली नाही, पण मास्तर म्हणाले. मास्तर वर्षातून एकदा बोलतात. दवाखान्याचे कापलेले पडदे आम्ही मापाशी ताडून पाहिले. कापलेले सगळे बरोबर निघाले, चुकलेली चिठ्ठी थोरल्याने कापायच्या आतच काढून घेतली होती. म्हणजे दवाखाना हातचा गेला नाही.

मला वाटलं, झालं. आता हा आपण होऊन तिच्याशी दोन शब्द बोलेल. मी चहा दिला, वाट पाहिली. धाकटी परत खुर्चीवर बसली होती आणि राहिलेली मापं घालत होती. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला, काय सापडलं म्हणून. थोरल्याने बॅग भरता भरता फोन खांद्यावर धरला आणि हसत म्हणाला, "काही नाही रे, प्रोग्राम ठीक होता. तुझी बायको फार घाई करत होती, एवढंच. आता मी तिला लगाम लावून ठेवलाय."

धाकटीचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. खुर्ची मागे सरकवली आणि टेबलावरचा चष्मा, पाण्याची बाटली, केसांची क्लिप एकेक उचलून पिशवीत टाकायला लागली.

मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. फोन बंद कर म्हटलं. केला.

"नीट ऐक," मी म्हटलं. "घाई कोणी केली नाही. दवाखान्याचा मजला वेळेत मोजून झाला तो हिच्या हातामुळे, आणि पडदे चुकत होते ते तुझ्या प्रोग्राममुळे. तुझ्याकडे बरोबर चालत होतं, कारण तुझ्याकडे कोणी काम करत नव्हतं. बिघाड शोधलास, मला अभिमान आहे, चार लोकांत सांगीन. पण चूक सापडल्यावर ती दुसऱ्याच्या पदरात टाकून निघालास, हे मी तुला शिकवलेलं नाही. तुझ्या भावाला परत फोन लाव आणि सांग की प्रोग्राम ठीक नव्हता. आणि हिला मास्तरांच्या समोर खोटं पाडलंस ना, मग मास्तरांच्या समोरच म्हण की तू चुकलास. पडद्याआड बसवलं ते मी, त्याचं माझं मी तिच्याशी बघून घेईन. खुर्ची हिची आहे. तू म्हणतोस तो माणूस यायचा नाही, आणि हे बोलल्याशिवाय तुझी बॅगही या खोलीतून बाहेर जायची नाही."